गळाला काय लावायचे ते लिहून ठेवणारा राजा

आषाढातला पहिला मोठा पाऊस होऊन गेला की आपल्या जिल्ह्यातले एक चित्र ठरलेले. ओढ्यांना लाल गढूळ पाणी येते, बंधाऱ्यावरून पाणी सांडू लागते आणि दिवस कलताना चार पोरे काठी नि तंगूस घेऊन भिंतीच्या कडेला, पुलाच्या खांबाशी, नाहीतर जॅकवेलच्या कट्ट्यावर बसलेली दिसतात. एकाच्या गळाला तासाभरात तीन मासे, तर शेजारच्याच्या गळाला नुसता पाला. काठी दोघांची सारखीच, दोराही सारखाच, जागेत फार तर दोन हातांचे अंतर. मग फरक कुठे पडला? बघायला गेलात तर बहुतेक वेळा तो गळाला लावलेल्या आमिषात सापडतो.

वाचकहो, ही गोष्ट सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने नीट लक्षात घेतली आणि ग्रंथात लिहून ठेवली. त्याचे नाव सोमेश्वर, कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला तिसरा सोमेश्वर. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला चार ओळी येतात. लढायांच्या हिशेबाने पाहिले तर तेवढ्याच पुऱ्या आहेत. पण शेती, पाणी, जनावरे आणि मासे यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांनी तरी हा माणूस ओळखून ठेवावा.

कल्याण म्हटले की आपल्याला कसारा उतरल्यावरचे रेल्वे स्टेशन आठवते. हे कल्याण ते नव्हे. हे म्हणजे आजचे बसवकल्याण, कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यातले. उमरग्याकडून राज्याची हद्द ओलांडली की फार लांब नाही. चालुक्यांची राजधानी तिथे होती आणि दख्खनचा मोठा मुलूख तिच्या हुकमाखाली होता. आपल्या सिन्नरचे यादव त्या काळी या चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे सोमेश्वर काही परमुलखातला राजा नव्हे, एका अर्थी आपल्याही भागाचा धनी होता.

त्याचा बाप विक्रमादित्य सहावा. त्याने १०७६ ते ११२६ अशी तब्बल पन्नास वर्षे राज्य केले, शक बाजूला ठेवून स्वतःच्या नावाचा संवत सुरू केला. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेला बिल्हण कवी होता आणि विज्ञानेश्वर नावाचा पंडितही होता. हा विज्ञानेश्वर म्हणजे मिताक्षरा ग्रंथाचा कर्ता. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क, हे तत्त्व याच ग्रंथातून पुढे कोर्टकचेरीपर्यंत पोचले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आणि २००५ ची दुरुस्ती यांनी त्यात मोठे बदल केले, मुलींनाही बरोबरीचा हक्क दिला. तरी वारस नोंदीच्या तक्रारीत मिताक्षराचे नाव अजून निघते. तलाठी भाऊसाहेबांना हे सांगायला नको.

अशा बापाच्या पोटी जन्म घेणे सोपे नसते. ११२६-२७ च्या सुमारास सोमेश्वर गादीवर आला तेव्हा राज्य मोठे होते, पण कडा सैल पडू लागल्या होत्या. दक्षिणेला होयसळांचा विष्णुवर्धन नावापुरता मांडलिक, मनाने स्वतंत्र. पूर्वेला वेंगीचा मुलूख, म्हणजे आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीत उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते तो भाग, चोळांकडे गेला. बापाने जे मिळवले त्यातले काही मुलाच्या हातून निसटले. भूलोकमल्ल, म्हणजे भूलोकीचा पहिलवान, अशी पदवी त्याने लावली होती खरी, पण मोठ्या विजयाची नोंद त्याच्या नावावर नाही. त्याची दुसरी पदवी सर्वज्ञ. ती मात्र त्याने कष्टाने कमावली असे म्हणावे लागते.

गादीवर बसून दोन-तीन वर्षे होतात न होतात, तोच तो एका प्रचंड ग्रंथाच्या कामात होता. ग्रंथाचे नाव मानसोल्लास. अभिलषितार्थ चिंतामणी हे त्याचेच दुसरे नाव. ग्रंथातल्या पंचांगाच्या गणितात शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, हे वर्ष आधाराला धरलेले आहे. त्यावरून रचनेचा काळ ठरवला जातो. पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे, अशी शंभर प्रकरणे. राज्य कसे मिळवावे आणि टिकवावे यापासून सुरुवात, मग राजाचे उपभोग, करमणुकी आणि खेळ. हत्ती-घोड्यांची निगा, स्वयंपाक, पाणी, बागा, चित्रकला, गाणे, असे एकही खाते त्याने सोडले नाही.

आणि दरबाराच्या पलीकडेही त्याचे लक्ष होते. महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, ही नोंद याच ग्रंथात आहे. ओवीचा इतका जुना उल्लेख म्हणून मराठीचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. बघा, उखळाशी उभी राहून मुसळ चालवणारी बाई काय गाते, हे राजाने संस्कृत ग्रंथात टिपून ठेवले. पिण्याच्या पाण्यावर स्वतंत्र प्रकरण करून कोणत्या ऋतूत कुठले पाणी चांगले, हेही त्याने सांगितले. आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीत टीसीएल टाकायची आठवण ग्रामसेवकांना करून द्यावी लागते. हा राजा पाण्याचा विचार ऋतूप्रमाणे करत होता.

याच ग्रंथाच्या चौथ्या भागात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. विनोद म्हणजे इथे करमणूक. गळाने मासे धरण्याची करमणूक. पण वाचायला घेतले तर ती एखाद्या जाणत्या भोयाने किंवा कोळ्याने सांगितलेली माहिती वाटते.

आधी माशांची ओळख. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते. खवल्यांचे कोणते, नुसत्या कातडीचे कोणते. मोठे, मध्यम आणि लहान. असे सुमारे ३५ प्रकार. मग प्रत्येकाला काय चारायचे ते. कुणाला तिळाच्या पेंडीचे आणि पिठाचे गोळे, कुणाला मांसाचे तुकडे. ठरावीक जागी खाणे टाकून मासा त्या जागेला लावायचा. त्यानंतर दोरा, काठी, गळ आणि आमिष यांचा विचार.

हा क्रम लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. आपण आधी दुकानात जातो, गळ घेतो, तंगूस घेतो, रंगीत प्लास्टिकचा बेडूक घेतो आणि मग पाण्यावर जाऊन मासा शोधतो. सोमेश्वराची रीत उलटी. आधी मासा ओळखा, तो काय खातो ते बघा, कुठे खातो ते बघा, आणि मग हात आमिषाकडे न्या. आता ही माहिती राजवाड्यात बसून मिळणारी नाही. पाण्यावर आयुष्य काढलेल्या माणसांकडूनच ती आलेली असणार. त्यांची नावे ग्रंथात नाहीत, पण त्यांचे शहाणपण आहे.

आता त्याची रीत आपल्या पाण्याला लावून बघू. माळकरी मंडळींनी हा भाग पाण्याची माहिती म्हणून वाचावा.

पाऊस पडून गेल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. पाणी गढूळ झाले की माशाला दिसत कमी. अशा वेळी तो वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर खाणे शोधतो. शिंगाळा, शिवडा असे मिशांचे मासे तर तळाशी वासावरच चालतात. म्हणून पहिल्या पुराच्या पाण्यात गांडूळ किंवा कोंबडीची आतडी अशा वासाच्या आमिषाला ते लवकर लागतात. शिवाय पावसाने बांधावरची गांडुळे, किडे ओढ्यात वाहून आलेलेच असतात. मासा त्याच खाण्याच्या मागावर असतो. जे पाण्यातून येते आहे तेच गळाला लावले तर त्याला संशय कशाला येईल?

दुसरा प्रश्न जागेचा. पाण्याला ओढ असताना मासा मधल्या धारेत उगीच झुंजत बसत नाही. पुलाच्या खांबामागे, बंधाऱ्याच्या भिंतीच्या कोपऱ्यात, घाटाच्या पायऱ्यांच्या आडोशाला, होडी लागते त्या धक्क्याखाली पाणी जरा थांबते. फेस आणि काडीकचरा जिथे गोल फिरतो तिथे खाणेही फिरते. ओढ्याचे गढूळ पाणी धरणाच्या निवळ पाण्याला मिळते ती रेघ अशीच महत्त्वाची. जाणता माणूस आमिष धारेत न टाकता या आडोशाच्या कडेला टाकतो.

तिसरा प्रश्न खोलीचा. आपल्या धरणांत आणि पाझर तलावांत कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. या तिघांना पेंड, भाताचा कोंडा आणि कणीक यांचा गोळा चालतो. म्हणजे सोमेश्वराने सांगितलेली पेंड नऊशे वर्षांनंतरही उपयोगाची आहे. आपल्याकडे तिळाऐवजी शेंगदाण्याची असते एवढेच. मात्र पावसाळ्यात पाण्याला ओढ असल्याने सैल गोळा विरघळून जातो. तो घट्ट मळावा लागतो. काहीजण त्यात थोडा कापूसही मळतात. गोळा तोच असला तरी तरंगाचे बूच वर-खाली सरकवून आमिष कुठल्या थरात ठेवायचे, हे ठरवावे लागते.

चौथा प्रश्न मरळचा. हा शिकारी मासा. बेडूक, लहान मासे हे याचे खाणे. तो वर येऊन हवेतून श्वास घेतो, त्यामुळे कडेच्या संथ, गवताळ पाण्यात त्याचा ठाव लागतो. त्याच्यासाठी हल्ली प्लास्टिकचे बेडूक, चकाकणारे चमचे, आत खुळखुळा असलेले नकली मासे मिळतात. त्यांच्या निवडीतही तीच रीत. पाणी गढूळ असेल तर मोठे, गडद काळे किंवा भडक रंगाचे, आवाज करणारे आमिष, आणि ओढायचे हळू. पाणी निवळले की लहान, चंदेरी, खऱ्या मासोळीसारखे. निवळ पाण्यात भडक रंग दाखवला की मासा बिचकतो.

पण इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. मरळ पावसाळ्यातच विते. पिल्ले निघाली की तांबूस-नारिंगी पिल्लांचा थवा पाण्यावर वळवळताना दिसतो आणि आई-बाप त्याच्याखाली राखण करतात. त्या थव्यावर बेडूक फेकला की राखणीचा मरळ त्वेषाने त्याच्यावर तुटून पडतो. भूक नसली तरी. हे अनेकांना माहीत आहे आणि सोपे म्हणून तसे करतातही. त्यात एक मासा हाती येतो, पण राखण गेल्यावर पिल्लांचा थवा दुसऱ्या माशांच्या नि पाखरांच्या तोंडी जातो. पुढच्या दोन वर्षांचा मासा एका संध्याकाळी संपतो. तीच गत पहिल्या पुरात ओढ्याने वर चढणाऱ्या, अंड्यांनी भरलेल्या माशांची. ओढ्याच्या तोंडाला आडवे जाळे लावले की सगळे बीज अडकते.

सोमेश्वराच्या प्रकरणात धरण्याच्या आधी चारणे आहे, हे इथे आठवावे. तो राजा होता, करमणुकीसाठी मासे धरत होता, त्याला साधू ठरवण्याचे कारण नाही. पण पाण्याला काही दिल्याशिवाय घ्यायचे नाही, एवढा हिशेब त्या क्रमात दिसतो. सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारणाऱ्याला असा कुठलाच हिशेब नसतो. ते कायद्याने गुन्हा आहे. पोलीस पाटलांनी गावात हे एकदा जाहीर सांगावे. नांदूर मध्यमेश्वरला तर पक्षी अभयारण्य आहे, ते रामसर यादीतही आहे. तिथे गळ घेऊन जाण्याआधी वन खात्याला विचारा. धरण किंवा तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने असेल तर संस्थेला विचारा. आणि गंगापूर किंवा दारणेतून विसर्ग सुरू असताना भिंतीवर, घाटावर बसूच नका. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी असलेले पाणी कमरेला यायला किती वेळ लागतो, हे नाशिककरांना सांगायला नको.

पुन्हा राजाकडे येऊ. सोमेश्वराने बापाचे चरित्रही लिहायला घेतले होते. विक्रमांकाभ्युदय हे त्याचे नाव. ते अपुरेच राहिले. ११३८ मध्ये त्याची कारकीर्द संपली. अवघी बारा वर्षे. त्याच्यामागून जगदेकमल्ल आला, मग तैलप. पुढे कळचुरी घराण्याच्या बिज्जलाने कल्याणी बळकावली. महात्मा बसवेश्वर त्याच बिज्जलाच्या काळातले, आणि म्हणूनच कल्याणचे बसवकल्याण झाले. अखेर बाराव्या शतकाच्या शेवटच्या काळात आपल्या सिन्नरच्या यादवांपैकी पाचवा भिल्लम स्वतंत्र झाला आणि देवगिरी राजधानी झाली. मांडलिक धनी झाले, धन्याचे राज्य गेले. मागे उरली ती ग्रंथाची पोथी.

ती पोथीही बरीच शतके पंडितांच्या बासनातच राहिली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी संपादन करून तिचे तीन खंड १९२५, १९३९ आणि १९६१ या वर्षांत छापून आणले. मत्स्यविनोदाचे महत्त्व ओळखले ते एका मत्स्यशास्त्रज्ञाने. सुंदरलाल होरा हे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक. आयुष्य माशांच्या अभ्यासात घालवलेला माणूस. त्यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरचे गाजलेले जुने पुस्तक छापले गेले ते १४९६ साली. आपला सोमेश्वर त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचा. पण होरांनाही एक अडचण आली. ग्रंथातली माशांची नावे जुनी. कुठले नाव म्हणजे आजचा कुठला मासा, हे ताडून बघावे लागले. काहींचा मेळ बसला, काहींचा अंदाजच करावा लागला.

या अडचणीतच आपल्यासाठी काम आहे. आज आपल्या गावात सत्तरी ओलांडलेला एखादा भोई, कोळी किंवा आदिवासी बाबा असेल. ओढ्यातल्या प्रत्येक माशाचे गावातले नाव त्याला ठाऊक असते. कोणत्या नक्षत्रात कोणता मासा चढतो, मृगात काय लावायचे, पाणी निवळल्यावर काय, कुठला मासा त्याच्या लहानपणी होता आणि आता दिसत नाही, हे सगळे त्याच्या डोक्यात आहे. तो गेला की त्याच्याबरोबर तेही जाईल. सोमेश्वराच्या काळी निदान विचारणारा राजा तरी होता.

आता ते काम ग्रामपंचायतीकडे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदा भरून कपाटात गेलेली असते. यंदाच्या पावसाळ्यात ती बाहेर काढावी. ग्रामसेवक, गुरुजी आणि दोन-चार कॉलेजची पोरे यांनी त्या बाबाला घेऊन एकदा बंधाऱ्यावर जावे. मासा दिसला की गावातले नाव, तो काय खातो, कुठे राहतो, कधी वितो आणि पूर्वीच्या मानाने किती उरला, एवढी पाच कलमे लिहावीत. हल्ली फोटो काढायची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे, तोही नोंदीला लावावा. म्हणजे पुढच्या पिढीतल्या कुणाला होरांसारखे अंदाज करत बसावे लागणार नाही.

आणि नोंद करताना एक उणीव भरून काढावी. सोमेश्वराला हे सारे ज्यांनी सांगितले त्यांची नावे त्याने लिहिली नाहीत. आपण त्या बाबाला विचारून, त्याची परवानगी घेऊन, नोंदीखाली त्याचे नाव घालावे.